कात्री लागण्याआधी

मुक्ताईनगरच्या बाजारपेठेत लेडीज टेलरकडे ब्लाउजपीस टाकला, की कापडाच्या कोपऱ्यातून बोटभर चिंधी निघते आणि पावतीपुस्तकाच्या पानाला टाचली जाते. तिच्या शेजारी आकडे. उं, छा, कं, शो, बा, पु. ग., मा. ग.; उंचीपासून मागच्या गळ्यापर्यंत सगळं आद्याक्षरांत. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात या दुकानांत गठ्ठ्यांवर गठ्ठे चढतात. एकाच दिवशी चार हिरव्या साड्यांचे चार हिरवे ब्लाउज येतात, तरी कुणाचा कुणाला जात नाही, तो या चिंधीमुळे आणि या अक्षरांमुळे. ‘गया मोठा नोको ठेवजो, भाऊ,’ असं एखादी मावशी जाता जाता लेवा बोलीत बजावते. तेही पावतीवर एका अधोरेखेत उतरतं.

या अंकासाठी संपादकांनी ‘खुणा’ हा विषय दिला. खुणा म्हटलं की शिलालेख, नकाशे, गावाच्या वेशी डोळ्यांपुढे येतात. शिवणकामातल्या खुणा सहसा आठवत नाहीत, कारण त्या खडूने काढल्या जातात आणि कपडा अंगावर चढेपर्यंत पुसून जातात. पण कपडा अंगावर नीट बसणार की काखेत ओढला जाणार, धुतल्यावर सरळ राहणार की पिळवटणार, याचा बराचसा निकाल मशीनवर बसण्याआधीच लागलेला असतो. तो टेबलावर लागतो, कापड बेतताना.

मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, हे कापडाच्या वाटेवरचं गाव आहे. भोवती कापूस आणि केळी. उत्तरेला मध्य प्रदेशाच्या हद्दीत बऱ्हाणपूर, तिथे यंत्रमागांची जुनी पेठ. नागपूरहून सुरतेला जाणारा महामार्ग गावाला लागून जातो, आणि सुरतेच्या साड्यांचे गठ्ठे त्याच वाटेने येतात. मोठी खरेदी असली तर लोक जळगावच्या फुले मार्केटला जातात. शिवून घ्यायला मात्र बहुतेक जण आपल्याच गावातला टेलर गाठतात, कारण अंगाचं माप त्याच्या वहीत असतं.

दोन टोकांचा बाण

छापील पॅटर्न, म्हणजे कपड्याच्या प्रत्येक भागाचा कागदी नमुना, पहिल्यांदा हातात घेतला की तो बुजवतो. आडव्या-उभ्या रेघा, तुटक रेघा, त्रिकोण, टिंबं, बाण. या गर्दीत एक खूण बाकी सगळ्यांच्या वर आहे: नमुन्याच्या मधोमध काढलेली लांब सरळ रेघ, दोन्ही टोकांना बाण. ती सांगते की हा तुकडा कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा.

उभा धागा म्हणजे ताणा. मागावर तो आधी ताणून बसवलेला असतो आणि आडवा बाणा त्याच्यातून जातो. म्हणून कापड उभं ओढलं तर फारसं ताणत नाही, आडवं ओढलं तर थोडं देतं, आणि कोपऱ्याकडून तिरपं ओढलं तर चांगलंच ताणतं. घरातला सुती रुमाल घेऊन हे तिन्ही दिशांना करून पाहावं. शिवणाचा निम्मा अभ्यास त्या रुमालात आहे. तिरप्या दिशेला टेलर उरेब म्हणतात, हल्ली क्रॉस म्हणतात. गळ्याची पट्टी उरेब कापतात ती याचसाठी. वळणावर ती ताण देते, आत ओढून घेते आणि चुणी पडू देत नाही. कटोरी ब्लाउजची कटोरीही बरेच मास्तर क्रॉसमध्ये काढतात. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२० च्या दशकात अख्खेच्या अख्खे पोशाख उरेब कापले आणि कापड अंगावरून पाण्यासारखं ओघळायला लावलं. त्यामागचं तत्त्व गळपट्टीचंच होतं.

बाण चुकला तर काय होतं, हे कपडा नवा असताना कळत नाही. कुर्तीची बाजूची शिवण दोन-तीन धुण्यांनंतर पोटावर सरकते. पायजम्याचा एक पाय नडगीवर वळतो. लोक शिलाईला दोष देतात. शिलाई सरळच असते, तुकडा दोन बोटं तिरपा कापलेला असतो.

म्हणून बाण डोळ्यांच्या अंदाजाने लावायचा नसतो. बाणाच्या वरच्या टोकापासून कापडाच्या किनारीपर्यंत टेप धरायची, मग खालच्या टोकापासून धरायची. दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत. वर साडेसात आणि खाली आठ आलं, तर खालचं टोक किंचित किनारीकडे सरकवायचं आणि पुन्हा मोजायचं. टाचण्या त्यानंतर.

मोजण्याआधी कापडच सरळ असावं लागतं. जुने कापड दुकानदार पॉपलिन किंवा मांजरपाट देताना कात्रीने फक्त एक चीर देतात आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडतात. ग्राहकाला वाटतं घाई आहे. खरं तर फाडलेलं कापड एकाच आडव्या धाग्यावर फाटतं, त्यामुळे कडा अचूक सरळ मिळते. कात्रीने कापलेली कडा सरळ असेलच असं नाही. जिथे फाडता येत नाही, तिथे कडेचा एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढतात. तो निघाला की कापडात केसाएवढी रेघ दिसते, आणि कात्री त्या रेघेवरून चालते. नंतर पाण्यातून काढणं. सुती अस्तर न भिजवता ब्लाउजला लावलं, तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. टेलर ‘अस्तर भिजवून आणा’ सांगतात, त्यात आळस नाही. ते सांगणं मनावर घ्यावं.

घडी, खाच, टिंब

दुसरी महत्त्वाची खूण घडीची. रेघेची दोन्ही टोकं काटकोनात वळून नमुन्याच्या कडेकडे बोट दाखवतात. अर्थ असा, की ही कड कापडाच्या घडीवर ठेवा, तिथे कापू नका. पाठीचा तुकडा कागदावर अर्धाच असतो. घडीवर कापला की उलगडून पूर्ण होतो. नव्या हाताकडून हमखास होणारी चूक इथलीच. तुकडा घडीऐवजी मोकळ्या काठांकडे ठेवला जातो आणि पाठीचे दोन अर्धे हातात येतात. जोडावे तर मधोमध शिवण येते, आणि शिवणीसाठी जादा कापड ठेवलेलंच नसतं.

खाचा या जोडणीच्या खुणा. कडेवरचे छोटे त्रिकोण किंवा आडव्या रेघा. बाहीच्या गोलाईवर एका बाजूला एक खाच असते, दुसऱ्या बाजूला दोन. रूढ संकेत असा, की एक खाच पुढची आणि दोन मागच्या. मुंढ्यावरही तशाच. एकाला एक आणि दोनाला दोन जुळवले की बाही उलटी लागण्याची भीती उरत नाही. बाहीची पुढची गोलाई मागच्यापेक्षा जास्त खोल असते, कारण हात पुढे येतात, वाकतात, उचलतात. बाही उलटी लागली की कपडा मागे ओढतो आणि पुढे चोळामोळा होतो. आपले मास्तर छापील त्रिकोण काढत बसत नाहीत. कापून झाल्यावर पुढच्या मुंढ्याला कात्रीच्या टोकाने गव्हाच्या दाण्याएवढा कट देतात. टेबलापलीकडच्या मशीनवर बसलेल्या कारागिराला तेवढं पुरतं.

टिंब म्हणजे थांबा किंवा जुळवा. टक्सचं टोक टिंबाने दाखवतात, म्हणजे टीप तिथे शून्यावर आणून संपवायची. फुली बटणाची, आडवी रेघ काजाची. जवळजवळ काढलेल्या दोन समांतर रेघा सांगतात, उंची वाढवायची किंवा कमी करायची तर इथे, कारण खालचा घेर कापून उंची कमी केली तर कमरेची जागा अंगावर नीट येत नाही. जाड अखंड रेघ कापायची, तुटक रेघ शिवायची, आणि मधलं अंतर शिवणीचं मार्जिन.

या मार्जिनमध्ये दोन जगांचा फरक दिसतो. अमेरिकी पॅटर्नमध्ये ते सगळीकडे पाच-अष्टमांश इंच, म्हणजे दीड सेंटिमीटर असतं. जर्मनीतल्या बुर्डा मासिकाच्या नमुन्यांत ते बरीच वर्षं धरलेलंच नसायचं, ज्याने त्याने आपलं वाढवायचं. मुक्ताईनगरच्या टेलरला हे दोन्ही हिशेब चालत नाहीत. तो ब्लाउजच्या बाजूला इंच-दीड इंच आत दाबून ठेवतो, कारण ब्लाउज एका वर्षासाठी शिवत नाहीत. लग्नातला ब्लाउज बाळंतपणानंतर उसवून घालतात, कधी पुढे लेकीला होतो. ते जादा कापड ही त्या बाईच्या पुढच्या दहा वर्षांची तरतूद असते, आणि कुठलाही छापील नमुना ती सांगत नाही.

माद्रिदचा शिंपी, स्टर्लिंगचा शिंपी

खुणा कशासाठी जन्मल्या, याचं उत्तर अंतरात आहे. आखणारा, कापणारा आणि शिवणारा एकच माणूस असेल तर खूण लागत नाही, डोक्यात असतं. मास्तर वेगळा आणि कारागीर वेगळा झाला, की कात्रीचा एक कट लागतो. आखणारा आणि शिवणारा शेकडो कोसांवर गेले, की पूर्ण लिपीच लागते.

१५८० मध्ये माद्रिदला हुआन दे अल्सेगा या शिंप्याचं पुस्तक छापलं गेलं. पुस्तकाच्या नावातच भूमिती हा शब्द आहे, आणि ते योग्यच. वेगवेगळ्या पन्ह्याच्या कापडावर झग्याचे, अंगरख्याचे तुकडे कसे मांडायचे, याच्या आकृत्या त्यात आहेत. मापं ‘बारा’ या स्पॅनिश गजाच्या अपूर्णांकांत, अक्षरांच्या खुणांनी दिलेली. शिंप्याने गिऱ्हाइकाकडून नेमकं किती कापड मागायचं, याचा तो हिशेब होता. कापड तेव्हा शिलाईपेक्षा कितीतरी महाग होतं, त्यामुळे बेतण्यातलं कौशल्य म्हणजे रोख पैसा.

सामान्य घरात नमुना पोहोचला तो १८६३ मध्ये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्टर्लिंग नावाच्या गावी एबेनेझर बटरिक हा शिंपी राहत होता. कागदी नमुने त्याआधीही मिळत, पण एकाच मापात. त्यातून आपल्या मापाचं काढणं घरच्या बाईच्या गळ्यात पडे. बटरिकने मापावार नमुने विकायला काढले. सुरुवात पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांपासून झाली, बायकांचे पोशाख नंतर आले. पातळ कागदाच्या त्या नमुन्यांवर काहीही छापलेलं नसे. कागदाला भोकं पाडलेली असत, आणि भोकांच्या मांडणीवरून धाग्याची दिशा, घडी, टक्स ओळखायचे. छापील रेघा आल्या त्या १९२० च्या आसपास, मॅकॉल कंपनीच्या नमुन्यांवर. आजच्या पॅटर्नवरच्या गोल टिंबांचा पूर्वज म्हणजे ते भोक.

आपल्याकडे नमुन्यांची ही पाकिटं घराघरांत कधी रुजली नाहीत. इथे मापावरून थेट आखणी करण्याची पद्धत टिकली. छाती बत्तीस, तर चौथा भाग आठ, त्यात सैलपणा आणि मार्जिन. बाकीची बरीच मापं छातीच्या अपूर्णांकांतून. मुंबईच्या के. आर. झारापकर यांचं कटिंगचं पुस्तक याच पद्धतीचं, आणि शिवणक्लासच्या पिढ्या त्या नावाशी परिचित आहेत. या पद्धतीचा फायदा मोठा आहे. प्रत्येक बाईचा ब्लाउज तिच्या स्वतःच्या मापाचा होतो, तयार साइजच्या चौकटीत तिला बसवावं लागत नाही. उणीव अशी, की ज्ञान मास्तरच्या हातात राहतं. मास्तर गेला की जातं. दुकानात खिळ्याला टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे पाहावेत. बत्तीस, चौतीस, छत्तीस, कडा झिजलेल्या. अशा फर्म्यांवर अनेकदा फक्त आकडा असतो. धाग्याचा बाण नाही, खाच नाही, मार्जिन धरलं की नाही याचा उल्लेख नाही. ज्याने कापले त्यालाच ते वाचता येतात.

आणखी एक गमतीशीर सवय देशभर टिकून आहे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, कापड मीटरवर मिळू लागलं, पण अंग इंचांतच मोजलं जातं. टेलर दिवसभर मनातल्या मनात एका मापातून दुसऱ्यात ये-जा करत असतो.

ऐंशी सेंटिमीटरमध्ये काय बसतं

साडीला जोडून येणारा ब्लाउजपीस साधारण ऐंशी सेंटिमीटरचा असतो. इंचांत साडेएकतीस. पन्हा चव्वेचाळीसच्या आसपास. दोन्ही किनारींना काठ. छाती छत्तीस, उंची चौदा, बाही सहा इंच. आता मांडा.

छत्तीसचा चौथा भाग नऊ, सैलपणा आणि मार्जिन धरून अकरा. पाठ उलगडून बावीस इंच रुंद. पुढचे दोन भाग अकरा-अकरा, म्हणजे आणखी बावीस. पाठ आणि पुढचे भाग शेजारी शेजारी ठेवले की पन्हा भरला. उंची चौदा, वर-खाली मार्जिन धरून साडेपंधरा-सोळा. म्हणजे साडेएकतीसपैकी निम्मं कापड गेलं, आणि साडेपंधरा-सोळा इंचांचा पट्टा उरला. बाह्या, गळपट्ट्या, हूकपट्टी, कमरपट्टी हे सगळं त्यात.

बाही बेतताना मास्तर छापील पॅटर्नचा सर्वांत मोठा नियम जाणूनबुजून मोडतात. बाहीच्या खालच्या कडेला काठ हवा. काठ तर किनारीला, उभ्या धाग्याच्या दिशेने धावतो. म्हणून बाही आडवी करायची: तिची उंची पन्ह्याच्या दिशेने आणि घेर कापडाच्या लांबीच्या दिशेने. बाण काठाला समांतर राहण्याऐवजी काटकोनात येतो. महाराष्ट्रातली काठाची जवळजवळ प्रत्येक बाही अशी आडव्या धाग्यावर कापलेली आहे, आणि ती पिळवटत नाही. बाही लहान असते, कापडाची वीण साधी असते, आणि आडवा धागासुद्धा सरळच असतो. नियम मोडायचा तर पूर्ण नव्वद अंशांत मोडावा, पाच-दहा अंशांत मोडला की कपडा बिघडतो. हे बारकावे कुठल्या पाकिटावर लिहिलेले नसतात, पण टेबलाशी चार महिने उभी राहिलेली मुलगी ते शिकते.

घेर चौदा-पंधरा इंच. उरलेला पट्टाही जवळपास तेवढाच. एक बाही या काठावर, दुसरी त्या काठावर, समोरासमोर. त्यामुळे एक डावी आणि एक उजवी आपोआप निघते. दोन्ही एकाच काठावर, एकाच तोंडाने कापल्या तर दोन डाव्या बाह्या हातात येतात. पॅटर्नवर ‘दोन कापा’ असं लिहिलेलं असतं तिथे दुसरा तुकडा पालथा ठेवायचा, हे न सांगता समजून घ्यायचं असतं. दोन बाह्यांच्या मधे जे उरतं त्यातून पट्ट्या. गळ्यातून निघालेला अर्धगोल तुकडासुद्धा लटकनला कामी येतो.

हा सगळा हिशेब छत्तीसला बसतो. छाती चाळिसाच्या पुढे गेली किंवा बाही कोपरापर्यंत हवी झाली, काठ चार बोटं रुंद निघाला, की ‘ताई, यात बाही नाही निघत’ हे वाक्य येतं आणि मॅचिंग सेंटरची फेरी पडते. साड्या बनवणारे सगळ्या बायकांना एकाच मापात मोजून ऐंशी सेंटिमीटर जोडतात. ते मीटरभर केलं तर हजारो बायकांचा पदरचा खर्च वाचेल.

मखमल, मोरांची नक्षी किंवा एकाच दिशेने उभी असलेली फुलं आली की मांडणी पुन्हा बदलते. एरवी कापड वाचवायला एक तुकडा सुलटा आणि दुसरा उलटा ठेवतात, रुंद टोकाशेजारी अरुंद टोक. मखमलीत ते चालत नाही. लव वर गेली की रंग गडद दिसतो, खाली आली की फिका. पॅटर्नवर अशा वेळी एकाच टोकाचा बाण असतो. पैठणीच्या पाठीवरचे मोर डोकं खाली करून आले तर कुणी घालणार नाही. अशा कापडाला जादा लांबी लागते, आणि ते शिलाईआधी, खरेदीच्या वेळीच ठाऊक असायला हवं.

गज आणि कातर

मुक्ताईनगरच्या जवळ कोथळीला संत मुक्ताबाईचं जुनं मंदिर आहे. तापीकाठी मेहूणला ती १२९७ मध्ये विजेच्या लोळात गुप्त झाली, अशी वारकरी परंपरा सांगते. त्या प्रसंगाचं वर्णन ज्यांच्या अभंगांतून आलं ते संत नामदेव शिंपी होते. संत गोरोबा कुंभारांकडच्या ज्या बैठकीत नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं, तिथे मुक्ताबाई होतीच. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबमध्ये नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि त्यांपैकी एकात त्यांनी मनाला गज आणि जिभेला कात्री केलं आहे. खानदेशात नामदेव शिंपी आणि अहिर शिंपी समाजाची घरं गावोगाव आहेत. मुक्ताईच्या गावात शिंपीकामाला हे नातं आहे.

नामदेवांच्या काळी कापड हातमागाचं, पन्हा अरुंद. जुन्या वळणाच्या बंडी, पैरण, अंगरखा यांची कापणी पाहिली तर वाया काहीच जात नाही. अंग सरळ चौकोन, बाही सरळ चौकोन. घेर हवा तर कळ्या: एका लांब चौकोनाला कोपऱ्याजवळून कोपऱ्याजवळ तिरपा छेद द्यायचा, दोन कळ्या तयार, एकीचं रुंद टोक दुसरीच्या अरुंद टोकाशी. आणि काखेत चौबगला. हा हातभर कामाचा बोटभर तुकडा आहे. चार बोटांचा चौकोन कोपऱ्यावर उभा करून बाही आणि अंगाच्या मधे बसवतात. हात वर गेला की ओढ नेमकी त्याच्या कर्णावर, म्हणजे उरेब दिशेवर येते, आणि तिथे कापड देतं. काख फाटत नाही. गोल मुंढा नसलेल्या बंडीत शेतकरी दिवसभर हात वर करून केळीचे घड उतरवू शकतो, तो या एका तुकड्याच्या जोरावर. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी महिनाभराहून अधिक चालत पंढरपूर गाठते. त्या वाटेवर पांढऱ्या बंड्या दिसतील तेव्हा काखेकडे नजर टाकावी. अलीकडच्या अनेक बंड्यांत चौबगला गळाला आहे, आणि शिवण तिथेच उसवते.

कापून आलेलं कापड

बेतणं आणि शिवणं यांची ताटातूट झाली की काय होतं, हे महाराष्ट्राने २०२४ मध्ये पाहिलं. सरकारी शाळांच्या गणवेशासाठी त्या वर्षी राज्यभर एक पद्धत ठरली. कापड मध्यवर्ती ठेक्यातून, मापावार कापून यायचं. त्याला ‘मायक्रो कटिंग’ असं नाव होतं. शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांच्या महिलांनी करायची. गावातल्या बायकांना काम मिळावं हा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात स्वातंत्र्यदिन आला तरी अनेक शाळांत गणवेश पोहोचले नव्हते, आणि जे पोहोचले त्यांच्या मापांच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

चर्चा झाली ती ठेक्याची आणि उशिराची. टेबलावरच्या गोष्टीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक पसरतात, वर सगळ्या मापांचे तुकडे दाटीने मांडलेला लांब कागद ठेवतात, त्याला मार्कर म्हणतात, आणि विजेच्या सुरीने सगळे थर एकदम कापतात. मार्कर लावूनही साधारण पंधरा टक्के कापड कतरण म्हणून जातं, म्हणून इंचाइंचासाठी संगणक लावतात. त्या व्यवस्थेत प्रत्येक तुकड्याला मापाची चिठ्ठी आणि गठ्ठ्याचा नंबर लागतो. चौथीतल्या मुलाची बाही सहावीतल्या मुलाच्या अंगाला जोडली गेली तर मुंढा जुळत नाही, आणि शिवणाऱ्या बाईला तो ओढूनताणून बसवण्याखेरीज काही करता येत नाही. तिच्याकडे कापड नाही, नमुना नाही, मूल समोर नाही. आखणारा कुठे आहे हेही तिला माहीत नाही. अशा वेळी खुणाच तिचा एकमेव आधार असतात. हाती आलेला तुकडा वाचायला तिला शिकवलेलं असेल, तर चूक निदान शिवण्याआधी पकडता येते.

तिला कापता येत असेल, तर ती ते काम पहिल्यापासून स्वतः करू शकते. टेलरिंगच्या दुकानात कोण किती कमावतो हे पाहिलं तरी हेच दिसतं. कारागिराला नगावर मजुरी मिळते. दुकान ज्याच्या नावावर चालतं तो कटिंग करणारा असतो. गिऱ्हाईक त्याच्या कात्रीवर विश्वास ठेवून येतं.

मशीन मिळतं, टेबल मिळत नाही

खानदेशात काय किंवा राज्यात इतरत्र काय, महिलांना शिलाई मशीन वाटण्याचे कार्यक्रम सतत होतात. जिल्हा परिषदेच्या योजना आहेत, संस्थांच्या देणग्या आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं साहाय्य आणि पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण त्यात मिळतं. आयटीआयमध्ये शिवणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, तिथे आखणी आणि कटिंग नीट शिकवतात. पण घरसंसार सांभाळून वर्षभर आयटीआयला जाणं किती जणींना जमतं? बहुतेक जणी गल्लीतल्या क्लासला जातात किंवा मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकतात. त्यांना टीप सरळ घालता येते, फॉल-पिको येतं, कुणाचं कापून आलेलं शिवता येतं. कापडाला कात्री लावायला मात्र हात धजत नाही, कारण चुकलं तर दुसऱ्याची साडी वाया जाते.

यावर उपाय स्वस्त आहे. चुकायची जागा कागद असावी. खाकी कागदाचा रोल, नाहीतर जुनी वर्तमानपत्रं. त्यावर ब्लाउज, परकर, कुर्ती, शाळेचा शर्ट पूर्ण मापात आखायचा, प्रत्येक तुकड्यावर मराठीत लिहायचं: पाठ, घडीवर, एक कापा; बाही, दोन कापा, दुसरी पालथी; धाग्याचा बाण; पुढची एक खाच, मागच्या दोन; मार्जिन धरलं आहे किंवा नाही. मग हे कागद चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या आखलेल्या चौकटीत मांडून पाहायचे, सरकवून पाहायचे, ऐंशी सेंटिमीटरमध्ये बसतात का बघायचं. कागदाचे तुकडे पुन्हा पुन्हा मांडता येतात. एकदा कापलेलं कापड सांधता येत नाही.

म्हणून मशीन वाटणाऱ्या संस्थांना, बचत गटांच्या फेडरेशनना आणि दिवाळीनंतर लोकोपयोगी कार्यक्रम आखणाऱ्या मंडळांना एक विनंती आहे. मशीनबरोबर पाच फूट बाय तीन फुटांचं, कमरेइतक्या उंचीचं एक कटिंग टेबल द्या. प्रत्येकीला शक्य नसेल तर गटाला एक द्या. दहा इंची चांगली कात्री, खाकी कागदाचा एक रोल, मराठीत सगळ्या खुणा केलेला मापांचा एक संच आणि जाणत्या मास्तरचे पंधरा दिवस त्यात घाला. ते मास्तर मुक्ताईनगरला, बोदवडला, रावेरला दुकानात बसलेले आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण आता वयस्कर होत आहेत.